खोललं कोनी?

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी टेंभुर्णीच्या मास्तरांची ती पांढरी गाडी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. भोकरदनकडे तेव्हा ऑटोमॅटिक गाडी क्वचितच दिसायची. मास्तरांनी ती पुण्याहून जुनी आणली होती. रस्त्यात इंजिन बंद पडलं आणि तुम्ही दोर घेऊन निघालात. मी डिप्लोमा करून नुकतीच गॅरेजात तुमच्या हाताखाली लागले होते. म्हटलं, "आबा, पुढची चाकं उचलून आणा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आत तेल पोचत नाही, क्लचच्या प्लेटा जळतात." तुम्ही हसलात. "आता तू मला गाडी वढायला शिकवून राह्यली का?" आणि ट्रॅक्टरमागे बांधून, चारही चाकांवर ओढत आणलीत.

इंजिन तासाभरात सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. मी गिअरबॉक्सचं खालचं झाकण काढलं. तेल काळं, करपलेलं, तळाशी चुरा. नुसतं तेल बदलून भागणार नव्हतं, सगळ्या प्लेटा बदलणं आलं. मास्तर म्हणाले, सकाळी तर गिअर बराबर पडत होते. तुमच्या गॅरेजात एकच कायदा होता, बॉक्स जो खोलेल त्यानंच गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं. तुम्ही शांतपणे हात पुसलेत. "खोललं कोनी? मंग तिलाच इचारा. मी तर हात बी लावला न्हाई." पोटच्या पोरीला पुढे करून तुम्ही मोकळे झालात. त्यानंतर गावात कोणी माझ्या हातात गाडी देईना. मी पाना खाली ठेवला आणि घर सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा रडले, पण माफ केलं नव्हतं. आजही नाही.

आता जालन्यात माझं गॅरेज आहे, फक्त ऑटोमॅटिकचं. गिअर झटका देऊन पडत असेल तर मी आधी वायरिंग आणि गिअर बदलणारा सोलेनॉइड बघते, इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नसेल तर आधी तेल. इथे एक मिस्त्री आहेत, माझ्याहून मोठे, त्यांना मी काका म्हणते. गेल्या आठवड्यात जाफराबादहून एका बाईंचा फोन आला. इंजिन ओरडतंय, गाडी पळत नाही. मी घाईत होते, म्हणाले, हळूहळू चालवत घेऊन या. गाडी तिथंच थांबवून उचलून आणा, एवढं सांगायला हवं होतं. जालन्यात पोचेपर्यंत प्लेटा जळून गेल्या. काकांनी झाकण काढलं, तोच करपट वास आला. बाई म्हणाल्या, तुम्हीच तर चालवत आणा म्हणालात ना? आणि मी म्हणाले, "खोललं कोणी? त्यांनाच विचारा."

काकांनी पाना ठेवला, हात धुतले आणि निघून गेले. तेव्हापासून आलेले नाहीत. हे पत्र कुठे जायचं नाही, ठाऊक आहे मला. जायला हवा तो काकांना फोन. त्यांचा नंबर समोर ठेवून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.