पेल्यातली फांदी

४ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहिते आहे, कारण मन थाऱ्यावर नाही. मंगळवारी सुनेने मला ती कामाला जाते ती बाग दाखवली. बाग कसली, एक गावच आहे. तळ्यापासून काचघरापर्यंत चालताना माझे गुडघे बोलायला लागले. सून त्या काचघरात माळीकाम करते, नोकरी अजून कच्ची. ती नळी गुंडाळायला वळली आणि मला तुझं नेहमीचं वाक्य आठवलं, मागून आणलेलं रोप रुसतं, चोरून आणलेलं जगतं. समोर जांभळ्या देठांचं झुडूप होतं. तू रोप आण म्हणून बजावलंही होतंस. बोटभर फांदी मोडली आणि पर्समध्ये टाकली. आपण दोघी जन्मभर हेच करत आलो.

मी पुढे घरी आले. संध्याकाळी ती आली ती पांढरीफटक होऊन. त्या जातीचं बागेत तेवढं एकच झुडूप आहे म्हणे. मोडलेली जागा बागेच्या साहेबांना दिसली. काचघर हिच्याकडे, म्हणून जाब हिला. कायम करायचं की काढायचं, ते महिनाअखेर ठरणार. मी समोर मुकाट जेवत होते गं. फांदी माझ्या खोलीत बॅगेमागे पेल्यात आहे. तिच्याकडे बघायचं धैर्य होत नाही. काय करू, लगेच कळव.

घाबरलेली,
ताई

१२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

हट्ट माझा आणि जीव टांगणीला तुझा, याचं फार वाईट वाटतं. पण बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासूच चोर निघाली तर तिला नक्की काढतील. फांदी कागदात गुंडाळून टाकून दे. चेहरा तेवढा सांभाळ. लहानपणी पेरू चोरलेस की तुझे कान लाल व्हायचे आणि मार मलाही बसायचा.

माया आहेच, धीरही धर.
तुझी धाकटी

२० मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझंच ऐकणार होते. काल फांदी टाकायला पेला काढला. पंधरा दिवस मी त्याला शिवले नव्हते, तरी पाणी स्वच्छ, काठोकाठ. खालची पानं खुडलेली, देठ तिरका कापलेला. तसा काप या घरात एकच हात घेतो. पेला घेऊन मी तशीच सुनेपुढे गेले.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेबांनी तीनदा विचारलं, तीनदा तिने चूक स्वतःवर घेतली. मला का बोलली नाहीस, विचारलं तर पेला उजेडात धरून म्हणाली, “आई, नुसती काडी परत देऊन काय उपयोग? मुळं फुटायची वाट बघत होते.”

दोऱ्याएवढी दोन मुळं फुटली होती.

ती नको नको म्हणत असताना आज पेला घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी फांदी ठेवून घेतली आणि मला बागेत यायला बंदी केली. तिचं काय ते महिनाअखेरच ठरेल. फाटकाबाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. ती कामावरून सुटेपर्यंत उठणार नाही.

तुझ्यासाठी काही आणत नाही, राग मानू नकोस. यापुढे रोप हवं असलं तर मागून आण. रुसलं तर रुसू दे.

तुझी,
ताई