गुरुवारची सुट्टी

अण्णा, आज गुरुवार आहे आणि दुकान उघडं आहे. तुम्हाला हे वाचून संताप आला असता, म्हणूनच पहिल्या ओळीत लिहिलं. परवा चिखलीतल्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलावलं होतं, नवीन धंदा कसा सुरू करावा ते सांगायला. मी सांगितलं, पाटी आपल्याला छान दिसेल तिथे नको, बस वळते तिथे लावा. महागाचा माल आत ठेवा, रोज लागणारा पुढे मांडा. आणि गिऱ्हाइकाची सुट्टी तो आपला कामाचा दिवस. एकीने विचारलं, ताई, हे तुम्हाला शिकवलं कुणी? मी म्हटलं, आईने. तुमचं नाव काढलं नाही, मुद्दामच काढलं नाही.

तुम्ही कंपनी सोडून चिंचवडला भांड्यांचं दुकान टाकलंत ते आणीबाणीच्या आगेमागे. मी शाळेत होते. कारखान्यात लागलेली पोरं तेव्हा गावाकडून बायका आणत होती. खोली मिळाली की स्टोव्ह, दोन पातेली, कळशी, डबा घ्यायला ती आपल्याकडेच येणार होती. पण तुम्ही कंपनी सोडलीत, कंपनीची सुट्टी काही सोडली नाहीत. सगळ्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून तुम्हालाही गुरुवारी सुट्टी. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, बंद दुकानापुढे खुर्च्या मांडायच्या, जुन्या खात्यातली मित्रमंडळी जमवायची आणि मालक झाल्याच्या गप्पा हाणायच्या. ज्यांना आठवड्यात तो एकच दिवस बाजाराला मोकळा, ती जोडपी बंद फळ्यांकडे बघून पुढे निघून जायची. कुणी विचारलंच तर तुम्ही वर सुनवायचात, दिसत नाही का बंद आहे ते. आई दुकानामागच्या खोलीतून हे सगळं बघायची. जळफळाट व्हायचा तिचा, पण बोलायची सोय नव्हती.

बरं, तुम्हाला कळत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. शेजारच्या गाळ्यात चाचांनी स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, तेव्हा त्यांना समोर बसवून अक्कल शिकवणारे तुम्हीच. गुरुवारी उघडं ठेव, कामगार त्या दिवशी निवांत असतो, त्याच्याशी बोल, बिघाड त्याला दाखव, काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात दे म्हणजे विश्वास बसतो. चाचांनी शब्द न् शब्द ऐकला आणि त्यांचं बस्तान बसलं. येईल त्याला तुम्ही फुकट सल्ले वाटलेत. घरात मात्र आई नुसतं म्हणाली, की गुरुवारी मी बसते, तुम्ही आराम करा, तर तुम्ही ताट सरकवून उठलात.

मग एका गुरुवारी तुम्ही तळेगावला लग्नाला गेलात. तुमची पाठ वळली आणि आईने फळ्या काढल्या. मला ती आत्ताही दिसते. पदर खोचून गल्ल्यापाशी बसली आहे, आणि लातूरकडून आलेली एक नवी नवरी मोठं पातेलं उचलून बघते आहे. आई तिला सांगते, दोघांना एवढं कशाला गं, आत्ता लहान ने, घर वाढलं की मोठ्याला परत ये. पोरगी हसते, नवरा खिशात हात घालतो. तेवढ्यात तुम्ही. गाडी चुकली म्हणून की काय, परत आला होतात. तुम्ही त्या पोरीच्या हातातलं पातेलं काढून घेतलंत, दुकान बंद आहे म्हणालात, आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणालात, "बायकोला गल्ल्यावर बसवून खायची वेळ अजून माझ्यावर आली नाही. ऊठ."

चाचा हात पुसत बाहेर आले. हळूच म्हणाले, "भाऊ, गुरुवारचं तुम्हीच सांगितलं होतं ना मला."

"ते तुला सांगितलं," तुम्ही म्हणालात.

आई उठली. त्यानंतर तुम्ही होतात तोवर ती दुकानात झाडू मारायला तेवढी आली, गल्ल्यापाशी कधी बसली नाही. पुढे समोरच दुसरं भांड्यांचं दुकान झालं, गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. तुम्ही त्या माणसाला हावरट म्हणालात. आपला माल धूळ खात पडला, मी कॉलेज सोडून एका कंपनीत पॅकिंगला लागले, आणि तुम्ही खुर्ची टाकून लोकांना धंदा शिकवत राहिलात. घर कुणाच्या पगारावर चाललंय याची तुम्हाला जरा तरी लाज वाटायची का? लोक मला समजावतात, त्या काळचे पुरुष तसेच होते. चाचाही त्याच काळचे होते आणि त्यांच्या गॅरेजचा गल्ला चाची बघायच्या, त्यामुळे ही सबब माझ्यापाशी चालत नाही.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि त्यानंतरचा पहिला गुरुवार आला. आईने अंघोळ केली आणि ती दुकानात गेली. मी मागोमाग गेले तर फळ्या निघालेल्या, आणि ती ओल्या फडक्याने एकेक पातेलं पुसत होती. दुपारपर्यंत गिऱ्हाईक लागलं. एक बाई भाव पाडायला बघत होती आणि आई तिच्याशी घासाघीस करत होती, चांगली मोठ्याने, मजेत. तिचा असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दारातल्या बायका कुजबुजल्या, नवऱ्याला जाऊन महिना नाही झाला आणि बघा. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यांना वाटलं, मी तुमच्यासाठी रडते आहे. मी हसत होते, अण्णा. तुम्ही गेलात याचा मला इतका आनंद झाला होता की ओढणी तोंडात कोंबावी लागली. हे मी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही.