झाकणाच्या आतलं ‘पानी’

माणिकपूर, वसई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय फेबियन,

जय येशू. आम्ही इकडे बरे आहोत. कव्हेंट्रीच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. पुतळाबाईची साखर ताब्यात आहे, म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे आहे. डॉक्टरचं म्हणणं वेगळं. दीपेश आणि सूनबाई विरारला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दुकान मी अजून सकाळी दहाला उघडतो. आजूबाजूला मोबाइलवाले तीन झाले, पण सेल बदलायला आणि पट्टा घालायला लोक माझ्याकडेच येतात. मधूनच कुणी आजोबांचं चावीचं घड्याळ घेऊन येतं, आणि मग तो दिवस माझा असतो.

आठवड्याला दोनदा फोन करणारा मी, पत्र कशाला लिहितोय असं तुला वाटलं असेल. त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

तू पाठवलेले फोटो मी दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली मोबाइल धरून बघितले. तू राहतोस त्या बाजूची जुनी घरं, मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर त्या भल्या रुंद खिडक्या, आणि तिथे उजेडाला पाठमोरं न बसता समोर बसून एके काळी घड्याळं करणारी माणसं. एका घरात चाकं, दुसऱ्या घरात काटे, तिसऱ्यात नुसत्या तबकड्या. लिव्हरपूलकडे तर म्हणे शेतकऱ्यांच्या घरात हे चालायचं, शेत सांभाळून. मला एकदम तुमचं सांडोर गाव दिसलं बघ. केळीची वाडी, पडवीत बसलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिमटा. आता ते सगळं गेलं म्हणतोस. आमच्या बापाची मिठागरं गेली तसंच. मीठ अजून आहे, मीठ पिकवणारा राहिला नाही.

तुझ्या पप्पांचं, इनासकाकांचं ते घड्याळ मात्र अशा माणसांचं शेवटचं शेवटचं काम. मी चाळीस वर्षांत स्विस खोललं, जपानी खोललं, आपलं बंगळूरचं तर हजारांनी खोललं असेल. इंग्लंडचं मनगटी घड्याळ माझ्या टेबलावर आलं ते फक्त चार वेळा. स्विस घड्याळ लग्नातल्या वरमाईसारखं, आतूनबाहेरून नटलेलं. इंग्रजी घड्याळ म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कडक इस्त्रीचा सदरा, अत्तर नाही. साधी पांढरी तबकडी, सरळ आकडे, खाली बारीक अक्षरात ‘इंग्लंडमध्ये बनवलेलं’. पण मागचं झाकण काढलं की आत सगळं मशीन मऊ सोनेरी, जाड पत्र्याचं, आणि प्रत्येक स्क्रू असा की शंभर वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा उघडणार आहे हे बनवणाऱ्याने आधीच धरून चाललेलं. कानाला लावलं तर सेकंदाला पाच ठोके, एकसारखे. इनासकाका बोटीवर फिटर असताना त्यांनी ते लिव्हरपूलला घेतलं. घरी आले की हात पुढे करून म्हणायचे, “ऐक रे काश्या, इंग्रज गेला पण त्याचं हृदय मी ठेवून घेतलं.”

असो. आता तुझ्या निरोपाकडे येतो.

तुझ्या बहिणीने, रोझमेरीने, भावोजी गेल्यावर ते घड्याळ तुझ्याकडे पाठवलं, तू ते तिथल्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेलंस, आणि त्याने झाकण उघडून तुला आतल्या बाजूचे ओरखडे दाखवले. त्याने सांगितलं ते खरं आहे. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. तिथलेही कोरतात, आम्हीही कोरतो. गिऱ्हाईक ते कधीच बघत नाही. तिथे खोटं लिहायची रीत नाही, कारण वाचणारा दुसरा कारागीरच असणार, आणि त्याला माहीत नसलं तर त्याच्या हातून मशीन बिघडेल.

त्याला मराठी अक्षरं वाचता आली नाहीत म्हणून तू फोटो मला पाठवलास. खाली तुझा आवाज: “काश्या, हे तुझंच ना? पानी लिहिलंय. न बाणातला नाही, नळातला!” आणि तू हसलास. पुढे म्हणालास, “बघ, आतसुद्धा लिहून ठेवलंय. पप्पा बरोबर होते. डिसेंबरमध्ये आमची कॅथरिन तिकडे येईल तिच्याबरोबर परत पाठवतो रोझमेरीकडे. माझ्या हातात नको.”

माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. दारात पाऊल टाकणाऱ्याच्या हातातलं घड्याळ मागे पडतंय की पुढे, ते मी सांगतो. तुझं ते हसणं मी चार वेळा ऐकलं. ते हसणं नव्हतं.

अक्षर माझंच. मिठागरावरच्या पोराला मास्तरांनी कितीही पाणी पाणी म्हणून घोकून घेतलं तरी त्याच्या हातून पानीच उतरतं. पण फेबियन, तू पहिलाच शब्द वाचलास. त्याच्यापुढे आकडे आहेत, मराठीत, जरा गंजलेले. फोटो मोठा करून बघ. १२-५-९१.

घड्याळ तू मला कधी दिलंस? तुझ्या वाढदिवसाला. सहा मे, सोमवार. काकांनी नोकरीच्या मुलाखतीसाठी तुला ते आठवडाभर वापरायला दिलं होतं, मागे पडायला लागलं म्हणून तू सायकलवरून थेट माझ्याकडे आलास, मला केकचा तुकडाही आणलास. बारा तारखेला घड्याळ तुझ्याकडे नव्हतंच. माझ्याकडे होतं.

आता लिहितो.

साफसफाई करून मी ते शनिवारी बसवलं. दुरुस्त घड्याळ दोन दिवस हातात घालून बघायचं ही आमची पद्धत, नुसतं टेबलावर ठेवून कळत नाही. रविवारी मला पुतळाला बघायला जायचं होतं. तिच्या मामाकडे, पाचूबंदरला. दुकान काढून मला दीड वर्ष झालेलं, अंगावर सदरा उसना, आणि मनगटावर इनासकाकांचं इंग्लंड. सगळ्यांची नजर तिथे गेली. मामा म्हणाले, “फॉरेनचा दिसतो.” मी म्हणालो, “हो, आमच्या धंद्यात ठेवावं लागतं.” म्हणालो खरा. मग त्यांनी मला नवी होडी बघायला नेलं, आणि उतरताना शेवाळावर पाय सरकला. कोपरापर्यंत हात खाडीत. सगळे हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. पाच ठोक्यांचे चार झाले, तीन झाले, मग नुसतीच खरखर.

त्याच दुपारी दुकानात येऊन उघडलं, रीतीप्रमाणे झाकणात पानी आणि ती तारीख कोरली. खारं पाणी पितळेला माफ करतं, आतल्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगला करत नाही. ती गंजायला लागलीच होती. मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरं मोडकं मशीन शोधून त्यातली स्प्रिंग आणून बसवायला मला नऊ दिवस लागले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं ना, स्प्रिंग मूळची नाही पण बसवणाऱ्याचा हात चांगला आहे? ते ऐकून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही, आणि ती अशा कामाची.

काका न्यायला आले तेव्हा तूही मागे उभा होतास. एवढे दिवस का लागले म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आत पाणी गेलं होतं. एवढंच बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तुझ्याकडे वळलो आणि विचारलं, “वाडीत केळीला पाणी लावताना हातात होतं का रे?” तू किती वेळ विचार केलास! दुसऱ्या कुणी सरळ नाही म्हटलं असतं. तू म्हणालास, “एकदा होतं बहुतेक.” तुझा खरेपणा मला ऐकू आला, आणि मी तो वापरला. माझं नवं दुकान होतं, माणिकपुरात दोन दिवसांत बोभाटा झाला असता की काशीराम गिऱ्हाइकाची घड्याळं घालून मिरवतो. बोभाटा खराच झाला असता.

काकांनी तिथेच तुला सुनावलं, “तुझ्या हातात काय टिकनार? उद्या घराचं कौल देईन तर ते पन फोडशील.” दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, बाप आहे, चार दिवसांत विसरेल. ते विसरले नाहीत. घड्याळ जावयाला दिलं. वाडीच्या चाव्या जावयाला दिल्या. ‘फेबियनच्या हातात काही टिकत नाही’ हे तुमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलं, तुझ्याच बायकोच्या तोंडून, तुझ्याच पोरीच्या तोंडून, की शेवटी तूच ते म्हणायला लागलास. तू तिकडे जाईपर्यंत मी तुझ्या पडवीत बसून माशाचं कालवण जेवलो, आणि चौतीस वर्षं ते ऐकत राहिलो.

तुझा फोटो आला तेव्हा पुतळाबाई शेजारी होती. तिने ओळखलं. “ता तुमचाच ना, पाचूबंदरला घातलेला?” नाही म्हणालो. “मंग कोनाचा होता?” सांगितलं. ती म्हणाली, “मी आतापरीन समजत होती, लग्नासाठी विकलात म्हनून. मनात म्हनायची, मानसाने माझ्यासाठी घड्याल विकला.” मग उठून मासे धुवायला गेली. दोन दिवस माझ्याशी गरजेपुरतं बोलली.

काल मी सांडोरला गेलो. दोष ज्या घरात लागला तिथे आधी सांगावं असं वाटलं. रोझमेरी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकलं, शेंगा सोलायची थांबली नाही. मग म्हणाली, “पप्पांनी चाव्या माझ्या नवऱ्याला दिल्या तेव्हा फेबियन दारात उभा होता. मला वाटलं होतं तो भांडेल. तो मोटारपंप चालू करायला गेला.” मी म्हणालो, मी त्याला आज फोन करतो. तर माझ्याकडे बघून म्हणाली, “फोन नको. फोनवर तू गोड बोलतोस, काश्या. समोरच्याचा सूर ओळखून बोलतोस. कागदावर लिही. तिथे तुला काही ऐकू येणार नाही.”

म्हणून हे पत्र. तिचं बरोबर आहे. लिहिताना पलीकडे तू गप्प आहेस की खोकतोयस हे मला कळत नाही, त्यामुळे शब्द मागे घेता येत नाहीत.

घड्याळ पाठवू नकोस. रोझमेरीनेही हेच सांगितलंय, ते फेबियनच्या मनगटावर राहू दे, डिसेंबरमध्ये कॅथरिन रिकाम्या हाताने यावी. तिला हे पत्र वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. वडिलांच्या हातात काही टिकत नाही असं ती लहानपणापासून ऐकत आली, तिला हे ऐकायचा हक्क आहे.

माझ्यावर रागव. फोन उचलू नकोस, मी समजेन. आठवड्याला दोनदा करणं मात्र मी बंद करणार नाही. फक्त इनासकाकांवरचा राग थोडा कमी कर. त्यांनी तुला वाईट ठरवलं नव्हतं रे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

पाचूबंदरला ज्याचा पाय घसरला, तो
काशीराम