कारभाराचे पुस्तक कपाटाबाहेर गेल्याबाबत

प्रति,
माननीय संचालक,
ख्रिस्ती मंडळी-नेते प्रशिक्षण व साहित्य केंद्र

विषय : पंचमंडळाच्या अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने घेण्याचा आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : शिकवण, उपासना व मंडळीचा कारभार या विषयांवरील आपला पुस्तक-संच.

महोदय,

मी खाली सही करणारा, धंद्याने कुलपे-किल्ल्यांचा कारागीर, बऱ्याच वर्षांपासून आमच्या मंडळीच्या पंचमंडळाचा अध्यक्ष आहे. आपल्या संचातील शिकवणीचे पुस्तक मी पाळकांना दिले, उपासनेचे पेटीवादकांना दिले. कारभाराच्या पुस्तकात मात्र ‘अध्यक्षपद आळीपाळीने असावे, स्त्रियांनाही संधी मिळावी’ असा मजकूर आढळला. तो सर्वांना पचेलच असे नाही, या सद्हेतूने मी ते पुस्तक चर्चमधील कपाटात ठेवून स्वतः घडविलेले कुलूप लावले.

२. पुढच्याच बैठकीत आमच्या मंडळीतील शिंपीणबाईंनी उठून विचारले, “अध्यक्षांची मुदत कधी संपते हो?” असा प्रश्न पूर्वी कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. मी तडक कपाट उघडले. कुलूप शाबूत, पुस्तक गायब!

३. पाळक उपदेश करताना माझ्याकडे पाहून अडखळले, सबब त्यांच्यावर संशय घेतला. पेटीवादक उगाच खोकले, सबब त्यांच्यावरही घेतला. चर्चच्या राखणदाराची पिशवी तपासली असता डबा व मफलर एवढेच मिळाले. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणे टाकले आहे. आपणच दुसरी प्रत गुपचूप पाठविली असावी, असेही मनात आले होते. त्याबद्दल क्षमस्व.

४. गेल्या मंगळवारी चष्मा विसरल्यामुळे दुकानातून घरी परतलो, तो स्वयंपाकघरात मंडळीतील बायका दाटीवाटीने बसलेल्या आणि माझी पत्नी तेच पुस्तक उघडून शिकवीत असलेली! मी विचारले, “कुलूप कोणी फोडलं?”

ती शांतपणे म्हणाली, “फोडायचं कशाला? किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात असते. आणि सदरा धुतं कोण?”

बायका फिदीफिदी हसल्या. शिंपीणबाईंनी स्टूल पुढे सरकवले. मी बसलो. धडा सभेत दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेण्याविषयी होता. पत्नीने तो इतका सोपा करून सांगितला, की मध्ये तोंड घालण्याचे मला सुचलेच नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिचे सलग इतके कधी ऐकल्याचे स्मरत नाही.

५. उद्याच्या सभेत अध्यक्षाची निवड असून पत्नी माझ्याविरुद्ध उभी आहे. घरात अबोला नाही, पण जेवताना दोघेही एकमेकांचा अंदाज घेत असतो. आमच्याकडे हात वर करून मत देण्याची पद्धत आहे. ऐनवेळी माझा हात कोणाच्या नावाला वर जाईल, याचा मला स्वतःचाच भरवसा उरलेला नाही. चारचौघांत शोभा नको. तरी गुप्त मतदानाचा आदेश आजच द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र व संशयग्रस्त,
(सही)
अध्यक्ष, पंचमंडळ
(उद्या दुपारपर्यंत तरी)

दिनांक : सभेचा आदला दिवस, शनिवार