टाकीतल्या मासळीचं सुतक

४ फेब्रु.
टाकीचं पाणी बदलायचं परत राहिलं. तिसरा आठवडा. हे असते तर एक रविवार चुकला नसता. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, त्यांची क्लाउनफिशची नारिंगी-पांढरी जोडी आहे अजून. माझे बाबा दिवसभर त्यांच्यासमोर. "दर्यात कशी ऱ्हातान ही?" म्हटलं, प्रवाळात एक डंख मारणारा जीव असतो, झुडपासारखा. त्यातच जन्म काढतात, हातभर लांब जात नाहीत. "इतका मोठा दर्या, न् हातभर?" कोळीवाडा सोडून इंद्रलोकच्या चौथ्या मजल्यावर आल्यापासून बाबा तरी कुठे जातात.

६ फेब्रु.
मोठी मेली. मादी. मी कामावर असताना बाबा रिक्षाने जेट्टीवर गेले, खाडीचं पाणी कॅनभर आणून टाकीत ओतलं. "सकालपासून तोंड वर करून धापत व्हती. भरतीचं ताजं पानी टाकलं." मासळी मलूल दिसली की आम्हा कोळ्यांना दुसरं सुचतच नाही. मी नको ते बोलले. "तुमच्या हाताला मासे मारायचीच सवय!" त्याच हातांनी मासे मारून मला शिकवलं. लाज वाटते.

७ फेब्रु.
बाबांच्या आवडीचं म्हणून मुद्दाम बोंबलाचं कालवण केलं. बाबांनी ताट सरकवलं. "सुतक हाय." चेष्टा वाटली. नव्हती. वरणभात जेवले.

१० फेब्रु.
मीरा रोडला माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, खाडी का पानी डालने से पहले ही हाँफ रही थी ना? तो पहले से मर रही थी. पानी कब बदला था?" मी शेजारच्या टाकीत बघायला लागले. म्हणे आता उरलेला नर मादी होईल, समुद्रातही असंच. त्यात नवल काय, दीड वर्षात मी दोन्ही झालेय.
म्हणजे मीच मारली.

१३ फेब्रु.
पाणी बदललं. नर खातोय. बाबा दोन घास. सांगायला जवळ बसले, तर "चा ठेव" म्हणून उठून गेले. बरंच वाटलं मला. भित्री.

१७ फेब्रु.
बारावा. बाबांनी सकाळीच अंघोळ केली. "सुतक फिटलं. पन म्हावरं आता नको. ह्या हातांनी लय मारलं."
सगळं तोंडाशी आलं. म्हटलं, "बाबा, ते पाणी…"
"न्हाय गो आननार परत," म्हणाले. घाबरून.
मी मान हलवली. बरं म्हटलं.