तुमच्यानंतरचे काळोखे

अहो,

समोर होतात तेव्हा कधी नावाने हाक मारली नाही, पत्रातही हात धजत नाही. काल सीताबर्डीच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तुमची नवी भयकादंबरी पाहिली. वर मोठ्या अक्षरांत तुमचं टोपणनाव, 'त्र्यंबक काळोखे'. तुम्हाला जाऊन चार वर्षं होत आली. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

पहिली आली ती तुमच्या वर्षश्राद्धानंतर. वाटलं, आधीच लिहून दिली असेल. वाचायला घेतली. त्यात मेलेला नवरा संध्याकाळी घरी येतो आणि चपला दाराकडे तोंड करून काढतो. बायको विचारते, तर म्हणतो, "निघायला बरं पडते." हे तुम्ही फक्त मला म्हणायचात ना? पुस्तक मिटलं, पण उंबऱ्याकडे बघवेना.

दुसरी आली तेव्हा महाल भागात तुमच्या प्रकाशकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला.

"वहिनी, भाऊंचं लिखाण केव्हाच संपलं. आता आम्ही दुसऱ्याकडून लिहून घेतो. नाव आमचं आहे. पहिल्याच पुस्तकाला त्यांनी तसं लिहून दिलं होतं."

तो दिवस आठवतो मला. सरकारी नोकरी, म्हणून टोपणनाव घेतलंत, आणि पेढे घेऊन घरी आलात. मी विचारलं होतं, "करार वाचला का?" तुम्ही हसलात. "अवं, देवमाणूस आहे तो." एकदा वाचायला काय झालं होतं हो?

धंतोलीच्या वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं. छापलेल्या कादंबऱ्या तुम्ही कायमच्या देऊन टाकल्यात, आणि सोबत नावही. ते परत मिळणं कठीण. "पण जे छापलं नाही, ज्याचा करार झाला नाही, ते वारसाने तुमचं," त्या म्हणाल्या. म्हणजे तुमच्या टेबलाच्या खणातली ती अपुरी कादंबरी.

ती मागायला प्रकाशकांनी देवीदासला पाठवलं. तुमची प्रुफं तपासणारा देवीदास. तुमच्या नावाने तोच लिहीत होता. दारात आला, वाकून चपला काढल्या. चपलांची तोंडं बाहेर होती.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्याने खाली पाहिलं. त्यालाच नवल वाटलं. "पयले असं नोतो करत, वहिनी."

"आणि ते पुस्तकातलं चपलांचं?"

"मले वाटलं मीच रचलं." तो खुर्चीच्या कडेवर बसला. फार वाळला होता. "आता माझं काई लिहिताच येत नाई. भावाले पोस्टकार्ड लिहाले बसलो तरी त्याईचंच वाक्य येऊन राहिलं. बायको म्हणते, तुमचा आवाज बदलला."

"प्रकाशकांनी तुमच्याकडून काही करार लिहून घेतला का?"

"अजून नाई. म्हणतात, हे अपुरं पुस्तक पूर्ण कर, मंग सही करून टाक. या नावाखालचं काईच कधी माझं म्हणायचं नाई."

"नका करू सही," मी म्हटलं. "आणि यापुढे या नावाने लिहूही नका." तो रडला. खणातलं काही मागितलं नाही. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागला. मध्ये भेटला तेव्हा आवाज त्याचा त्याला परत मिळाला होता.

म्हणून कालचं पुस्तक पाहून मी थिजले. देवीदास तर लिहीत नाही. आता कोण? उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं. एक विधवा नवऱ्याचं अपुरं लिखाण खणात कुलूप लावून ठेवते. रोज सकाळी त्यात एक ओळ वाढलेली असते. वाक्यं तुमचीच, अगदी स्वल्पविरामासकट.

घरी आले. किल्ली हातात घेऊन बराच वेळ टेबलापाशी बसले. खण उघडला, शेवटचं पान काढलं. तुम्ही दवाखान्यात जाताना वाक्य जिथे तोडलं होतं, तिथेच होतं. पुढे कोरं. हायसं वाटलं. आणि खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं.

ही कादंबरी मी छापणार आहे. अपुरी आहे तशीच. करार वकीलबाईंसमोर वाचून मगच सही करीन. माझ्यामागेही कोणी तिचा शेवट लिहायचा नाही, हे मृत्युपत्रात घालीन. आणि मुखपृष्ठावर तुमचं खरं नाव असेल. छापखान्यात ते मला तोंडाने सांगावं लागेल. सांगेन.

तुमची,
कुसुम