दालमिलीतलं माह्यं तोंड कोणाले जाईन

मी, गोजराबाई रामराव अवचार, वय एकाहत्तर, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, पुरी शुद्धीत राहून, कोणाच्या दाबात न येता, हे मृत्युपत्र माह्या हातानं लिहून राह्यली. शुद्धीत हाय असं डॉक्टरनं लिहून देल्लं. माह्या दिराले तरी पटत नाही, कारण मी सभेत प्रश्न इचारते.

घर माह्या पोराले, हरीओमले. पोरगा गुणाचा हाय, पण काका बोलले का मान हालवते. घराले दार हाय, ते कधीमधी लावाले शिकावं.

वावर हरीओम अन् सून वर्षाराणी, दोघायच्या नावानं. पाटल्या वर्षाराणीले. नणंद रुख्मिणीले पितळी परात देऊ नये. येते तवा उचलून वजन पाह्यते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता दालमिल. माहे मालक अन् दीर पुंजाजी, दोघायनं मिळून कंपनी काढली. अर्धे शेअर मालकाचे, ते गेल्यावर माह्या नावावर आले. अर्धे पुंजाजीचे. कारभार पुंजाजी पाह्यते, तो सांगन तठी मी सही करत आली.

मागच्या इधानसभेले कंपनीनं एका उमेदवाराले देणगी देल्ली. मले पत्ता नाही. एक दिवस दारात भोंग्याची गाडी थांबली. मी ज्याले मत देणार होती, त्याले भोंगा चोर म्हणून राह्यला, अन् गाडीवर खाली लिहून होतं, 'सौजन्य: आपली दालमिल'. म्हणजे पैसा माहा, दार माह्यं, अन् शिकवण बी मलेच. ड्रायव्हरले म्हटलं, "बाबू, आवाज कमी कर, अर्धी मालकीण झोपून हाय."

मंग मिलीची सभा झाली. वर्षाराणी माह्यासंग होती. तिनं इचारलं, "काकाजी, देणगी कोणाले इचारून देल्ली?"

पुंजाजी म्हणे, "सूनबाई, कायद्यानं कंपनी म्हणजे माणूसच असते. माणसाले मत असते, अन् मत असलं का बोलाव लागते. हे कंपनीचं बोलणं हाय, घरच्या बायांचं नाही. तू खाली बस."

ती बसली. ज्याले तोंड नाही त्याले बोलाची मुभा, अन् जिले तोंड हाय तिले खाली बस.

मी म्हटलं, "भाऊजी, मंग कंपनीच्या बोटाले शाई कोण्या बुथावर लावली?"

दाराशी उभे मिलीतले हमाल लोकं हासले. पुंजाजी तापला. "वयनी, गंमत सोडा. मिलीले लाइट पायजे, रस्ता पायजे. नसन पटत तर शेअर विकून टाका."

"तुमचे भाऊ बी मले लय खेपा पटले नाही. विकले काय?"

तर, कंपनी माणूस हाय म्हणते म्हणजे घरचीच झाली. तिले बी वाटा देते. माह्या तिरडीले पुढचा डावा खांदा कंपनीनं द्यावा. सोता यावं. पुंजाजी आला तर तो पुंजाजीचा खांदा धरावा, कंपनीचा नाही. दहाव्याले तिनं डोकसं भादराव, तेरवीले पंगतीत बसाव. हे जमलं नाही तर पुढच्या इलेक्शनात तिचं मन कोणावर बसलं हे कोणी सांगत फिरू नये.

कंपनीनं मुकं राहाव असं माह्यं म्हणणं नाही. तुरीच्या भावावर बोलाव, लाइटीच्या बिलावर भांडाव, थे तिचं कामच हाय. पण मत माणसाचं, एकाले एक. पुंजाजीनं आपल्या खिशातून देल्ले असते तर मी चकार शब्द काढला नसता. त्यानं आपलं मत देल्लं, अन् वरून माह्या गळ्यातून बी वरडून घेतलं.

म्हणून माहे सारे शेअर, म्हणजे अर्धी मिल, वर्षाराणीले. पुंजाजी म्हणत होता, हरीओमच्या नावानं करा, घरातच राहतीन. घरात म्हणजे त्याच्या खिशात. आता वर्षाराणीच्या हो बिगर मिलीत ठराव होणार नाही. तिनं त्याच उमेदवाराले देणगी द्या म्हटलं तरी माही हरकत नाही. पण ती सभेत उभी राहून म्हणन, अन् तिले कोणी खाली बस म्हणणार नाही.

साक्षीदाराचं राह्यलं. पुंजाजीले कुणकुण लागली, आज सकायीच आला. म्हणे, "वयनी, कंपनीतर्फे मी साक्षीदार होतो, शिक्का बी आणला."

म्हटलं, "साक्षीदारानं मले सही करताना डोयानं पाहाव लागते, भाऊजी. कंपनीले पाठवा, मी खुर्ची टाकते."

तो चहा पेऊन गेला. जाता जाता म्हणे, साखर कमी हाय. थे त्याचं सोताचं मत होतं. मी लगेच मानलं.

ठिकाण: केनवड
तारीख: ९ मार्च २०२५

सही: गोजराबाई रामराव अवचार

गोजराबाईनं आमच्या डोयासमोर सही केली, अन् आमी तिच्यासमोर:
१. लखीराम आडे, मिलीतले हमाल (सही)
२. रामीबाई पवार, शेजारीण (डावा अंगठा)